सुटलेला घोडा कोठे सापडतो

वर्षानुवर्षे एकाच खुंट्याला निमूट उभा राहिलेला घोडा एखाद्या रात्री दावे तोडून, दाराचा अडसर मोडून किंवा पत्र्याची भिंत वाकवून तबेल्याबाहेर पडतो, तेव्हा त्या घटनेची दोन टोके तपासता येतात. एक टोक तबेल्यातच असते : तुटलेले दावे, उपटलेला खुंटा, विस्कटलेला कडबा आणि ओल्या जमिनीवर उमटलेल्या नालांच्या खुणा. दुसरे टोक जेथे तो घोडा पहाटे सापडतो तेथे असते. घोडेवाले, नालबंद आणि पशुवैद्यक यांच्यापैकी ज्यांनी अशी जनावरे वारंवार शोधून आणली आहेत, त्यांच्या अनुभवात पहिल्या टोकापेक्षा दुसरे अधिक बोलके ठरते. कारण भ्यालेला, एकटा पडलेला, भुकेला आणि दुखणाईत असे चारही घोडे दावे जवळजवळ सारख्याच रीतीने तोडतात, मात्र सुटल्यावर त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. ‘काल रात्री अचानक बिथरला’ असे सांगत आलेल्या मालकाला जाणता पशुवैद्यक म्हणूनच आधी विचारतो की घोडा सापडला कोठे, आणि सापडला तेव्हा काय करीत होता.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे वसलेल्या उमरखेड तालुक्यात टांग्यांचा काळ ओसरल्यानंतर जी थोडी घोडी उरली, ती मुख्यतः वरातीची आहेत. त्यांत नुकरा, म्हणजे गुलाबी कातडीची आणि पांढऱ्या अंगाची घोडी, सर्वांत अधिक मागणीची. लग्नसराईत तिचे दिवस मांडव, बँड आणि रोषणाई यांत जातात, आणि उरलेले महिने ती गावकुसाला, घराच्या मागच्या बाजूला उभारलेल्या पत्र्याच्या छपरीत काढते. बहुतेक ठिकाणी ती एकटीच असते, शेजारी असलीच तर एखादी म्हैस किंवा दोन बकऱ्या असतात. मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेतली पागा, म्हणजे सरकारी घोड्यांचे पथक, याच्या अगदी उलट होती. शिवकालीन पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे; बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा स्वार. दर पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद आणि पाणी वाहणारा एक पखालजी नेमलेला असे. या व्यवस्थेमागचा हेतू लष्करी होता हे उघड आहे, पण तिच्यामुळे घोड्याला आपल्या जातीची सोबत आपोआप मिळत होती. आजच्या छपरीतल्या घोडीला पाणी मिळते, चंदी म्हणजे भिजवलेला हरभरा किंवा भरडा मिळतो, खराराही होतो. फक्त दुसरे घोडे मिळत नाही, आणि ही उणीव कोणाच्या हिशेबात धरलेली नसते.

घोड्याच्या शरीराची घडण ध्यानात घेतल्याखेरीज त्याचे सुटणे समजत नाही. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला मान न वळवता जवळजवळ ३५० अंशांचा परिसर दिसतो. न दिसणारा भाग उरतो तो थेट पाठीमागे आणि नाकाच्या अगदी पुढे. उजेडातून अंधारात आणि अंधारातून उजेडात जाताना त्याच्या नजरेला स्थिरावण्यास माणसापेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळे रात्री अंधाऱ्या छपरीवर अकस्मात पडलेला ट्रॅक्टरचा झोत त्याला काही क्षण आंधळे करून सोडतो. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्‌झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, घोड्याला तेहतीस हजारांपर्यंतचे. म्हणजे छपरीत झोपलेल्या मालकाला जी रात्र शांत वाटते ती घोड्याला शांत असेलच असे नाही. पायांतील स्नायुबंध आणि सांधे अडकवून ठेवण्याच्या विशिष्ट रचनेमुळे तो उभ्या उभ्या डुलकी घेऊ शकतो, परंतु गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ तरी आडवे व्हावे लागते, आणि सभोवार धोका नाही अशी खात्री पटल्याशिवाय तो आडवा होत नाही. कळपात एक घोडा जागा राहतो तेव्हा बाकीचे निजतात. एकट्या घोड्याला पहारेकरी नसतो; तो रात्रीमागून रात्र अर्धवट झोपेत काढतो, आणि दिवसा तो जो संथ, सुस्त दिसतो त्यातला काही भाग साध्या थकव्याचा असतो.

याच्या जोडीला बांधण्याची पद्धत येते. आपल्याकडे घोडा परंपरेने अगाडी-पिछाडीने बांधला जातो : मोहरकीपासून, म्हणजे घोड्याच्या डोक्यावरच्या पट्ट्यापासून, निघालेली दोन दावी पुढच्या खुंट्यांना, ती अगाडी, आणि मागच्या पायांत अडकवलेली दोरी मागच्या खुंट्याला, ती पिछाडी. या बांधणीत घोडा जागच्या जागी राहतो, त्याला लाथ मारता येत नाही आणि माणसाला जवळ जाणे सुरक्षित होते. मात्र डोके अडकल्याची जाणीव होताच मागे रेटा देणे ही घोड्याची उपजत वृत्ती आहे, आणि मोहरकीचा पट्टा कानांमागे जितका रुततो तितका तो अधिक जोराने मागे रेटतो. तीन-चारशे किलो वजनाचे जनावर असे मागे बसले की दावे, कडी किंवा खुंटा यांपैकी जे कच्चे असेल ते सुटते. खुंटा उपटला तर खरा अनर्थ तेथून सुरू होतो, कारण दाव्याच्या टोकाला बांधलेला तो लाकडी किंवा लोखंडी खुंटा पळत्या घोड्याच्या मागच्या पायांवर आदळत येतो, घोडा त्यालाच भिऊन आणखी जोराने पळतो, आणि जितका पळतो तितका खुंटा जोराने आदळतो. ज्या कारणाने तो बुजला ते कधीच मागे पडलेले असते. आता तो केवळ स्वतःच्या दाव्यापासून पळत असतो. अशा घोड्याच्या मागच्या पायांवर, गुडघ्याखाली, सारख्या अंतरावर उमटलेल्या जखमा दिसल्या की जाणता नालबंद सगळी हकिकत न विचारता ओळखतो. दावे ओढल्यासरशी सुटेल अशा सरकगाठीने बांधावे, खुंटा खोल आणि दावे बेताचे असावे, हे जुने शहाणपण याच अनुभवातून आलेले आहे.

भ्यालेला घोडा दूर सापडतो. तो घामाने ओला असतो, नाकपुड्या फुललेल्या असतात, आणि बहुधा तो एखाद्या उघड्या माळावर, जेथून चहूकडचे दिसते अशा ठिकाणी, आपण ज्या दिशेने आलो त्या दिशेकडे तोंड करून उभा असतो. हे शेवटचे लक्षण महत्त्वाचे आहे, कारण काही अंतर पळून झाल्यावर थांबून, वळून, मागे काय आहे हे पाहणे हा भीतीने पळालेल्या घोड्याचा स्वभाव आहे आणि भुकेने सुटलेला घोडा तसे करीत नाही. उमरखेड तालुक्याचा जो जंगलव्याप्त पट्टा ‘बंदी भाग’ म्हणून ओळखला जातो, तो पैनगंगा अभयारण्याला लागून आहे, आणि त्या बाजूच्या गावांत घोडा उधळला की संशय प्रथम बिबट्यावर किंवा वाघावर जातो. हा संशय निराधार म्हणता येत नाही. याच जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ साली निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण वाघ शेतशिवारे ओलांडत, तेराशे किलोमीटरहून अधिक चाल करून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला होता. तरीही केवळ वासाने घोडा दावे तोडतो ही समजूत तपासून घ्यावी लागते. डेन्मार्क आणि स्वीडनमधील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे दिसले की लांडग्याचा नुसता वास आल्यावर पाळीव घोडे सावध झाले, खाताना वारंवार थांबू लागले, पण उधळले नाहीत. त्या वासाच्या जोडीला अकस्मात आवाज झाला तेव्हा मात्र त्यांची प्रतिक्रिया नुसत्या आवाजाच्या वेळेपेक्षा कितीतरी तीव्र होती.

या निष्कर्षाचा उपयोग वाघापुरता नाही. घोड्याची भीती साठत जाते, आणि शांत घोड्याच्या बाबतीत ती कोणाच्या नजरेत न येता साठते. सायंकाळी गावातली कुत्री छपरीभोवती भुंकून गेली, त्यानंतर जवळच्या उसाच्या फडात पाचट पेटवल्याचा धूर आला, मध्यरात्रीनंतर वारा सुटला आणि छपराचा एक सैल पत्रा धडधडू लागला, तर यांपैकी प्रत्येक गोष्ट त्या घोड्याने पूर्वी अनेकदा निमूट सोसलेली असते. चौथी गोष्ट, मग ती दारातून पळालेली घूस का असेना, निमित्त ठरते. मालक त्या घुशीला दोष देतो, कारण घोडा तिच्यामुळेच उधळताना कोणी तरी पाहिलेला असतो. विदर्भ-मराठवाड्याच्या या सीमेवर फाल्गुन-चैत्रात होणारी गारपीट हे निमित्ताचे नव्हे, तर पुरेशा कारणाचे उदाहरण आहे. पत्र्यावर गारा पडू लागल्या की छपरीतला आवाज माणसालाही असह्य होतो, आणि घोड्याला तर तो डोक्यावरूनच, म्हणजे जेथून झेप घेणारे श्वापद येते त्या बाजूने येतो.

भूकंपाचा प्रश्नही याच ओघात येतो. हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले दोन धक्के, एक २१ मार्च २०२४ च्या आणि दुसरा १० जुलै २०२४ च्या सकाळी, आसपासच्या जिल्ह्यांतही जाणवले, आणि अशा प्रत्येक वेळी जनावरांना आधीच कळते ही चर्चा नव्याने सुरू होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतरही ती झाली होती. यात खरा भाग एवढाच की भूकंपाच्या लहरींपैकी प्राथमिक लहर वेगाने आणि सौम्यपणे येते, इमारती हलवणारी दुय्यम लहर तिच्या मागून येते, आणि चार खुरांवर जमिनीशी सतत जोडलेल्या, सूक्ष्म कंप टिपणाऱ्या जनावराला ती पहिली लहर माणसाच्या आधी जाणवू शकते. केंद्र जवळ असेल तर हे अंतर काही सेकंदांचे असते. आदल्या संध्याकाळी घोडा अस्वस्थ होता म्हणून त्याने पहाटेचा भूकंप ओळखला, असे म्हणण्यास आधार नाही. आदल्या संध्याकाळच्या अस्वस्थतेचे कारण आदल्या संध्याकाळीच शोधलेले बरे.

नुसता मोठा आवाज घोड्याला उधळवतो ही समजूतही अपुरी आहे, आणि तिचा प्रतिवाद महाराष्ट्रात दरवर्षी लाखो लोक डोळ्यांनी पाहतात. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यातले अश्व बेळगाव जिल्ह्यातील अंकली येथील शितोळे सरकारांच्या वाड्यातून निघून आळंदीपर्यंत चालत येतात, आणि पुढे रिंगणात, म्हणजे वारकऱ्यांनी मोकळ्या सोडलेल्या वर्तुळाकार वाटेवर, टाळ-मृदंगाच्या आणि नामघोषाच्या कल्लोळात चौखूर धावतात. नांदेडच्या तख्त सचखंड हुजूर साहिबमधील घोडेही दसऱ्याच्या आणि होळीच्या हल्लाबोल मिरवणुकीत प्रचंड गर्दीतून दौडतात. या घोड्यांना ऐकू कमी येत नाही. त्यांना पुढे मोकळी वाट असते, सोबतीला दुसरा घोडा असतो, आणि अंकलीहून निघालेल्या अश्वांना तर गर्दीची सवय दिवसेंदिवस, मुक्कामामागून मुक्काम होत गेलेली असते. वरातीच्या घोडीचे तसे नसते. पाठीवर बसायची सवय नसलेला नवरदेव, मागे ट्रॅक्टरवर लावलेला डीजे, पुढे नाचणारी पोरे आणि पायाशी फुटणारी फटाक्यांची लड यांच्या मधोमध तिला पुढेही जाता येत नाही आणि मागेही. तेथे ती उधळत नाही, कारण लगाम धरणारा तिच्या ओळखीचा असतो. ती घरी येते, चंदी खाते, आणि रात्री दोनला छपरीबाहेर पडते. वरातीत गाय झालेली घोडी घरी कशी बिथरली, याचे मालकाला आश्चर्य वाटते. वास्तविक तिने दिवसभर आवरलेले रात्री सुटलेले असते.

एकटेपणाने सुटलेला घोडा दुसऱ्या घोड्यांजवळ सापडतो, आणि हा प्रकार मालकाला सर्वांत कमी काळजीचा वाटतो. गावाच्या दुसऱ्या टोकाला कोणाकडे घोडी असेल तर तिच्या कुंपणाशी, तांड्यावर कोणी तट्टू बाळगले असेल तर त्याच्याजवळ, कधी कधी तर पूर्वीच्या मालकाच्या दारात तो शांतपणे उभा असतो. जोडीने वाढलेल्या दोन घोडींपैकी एक सुपारी घेऊन परगावी गेली की मागे राहिलेली खिंकाळत राहते, कुंपणाच्या कडेने येरझारा घालते, लीद पातळ टाकते, आणि सोबतीण रात्रभर परतली नाही तर बाहेर पडण्याचा मार्ग शोधते. शिंगरू, म्हणजे घोडीचे पिल्लू, तोडण्याचा काळ असाच अवघड असतो. म्हणूनच अनेक घोडेवाले वरातीत शिंगराला आईच्या मागे मोकळे चालू देतात, आणि ते दृश्य पाहुण्यांना गंमतीचे वाटले तरी त्यामागे घोडी कामावर शांत राहावी हा रोकडा विचार असतो. घोडीच्या माजाचे वेळापत्रकही लग्नसराईशी जुळते. दिवस मोठा होऊ लागला की घोडी साधारण तीन आठवड्यांच्या अंतराने माजावर येऊ लागते, आणि नेमक्या त्याच महिन्यांत एका मांडवात चार गावची जनावरे एकत्र येतात. मांडवात वळू घोडा असेल, म्हणजे खच्ची न केलेला नर असेल, तर त्याची याद घोडी घरापर्यंत घेऊन येते. हे कारण ओळखायला सोपे असूनही उशिरा ओळखले जाते, कारण पुष्कळ मालक गाईच्या माजाच्या तारखा लिहून ठेवतात आणि घोडीच्या ठेवत नाहीत.

भुकेल्या घोड्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. तो ज्वारीच्या किंवा हरभऱ्याच्या वावरात सापडतो, मान खाली असते, आणि माणूस जवळ आला तरी तो तोंडातला घास सोडत नाही. मोकळा घोडा दिवसाचे सोळा-सतरा तास चरतो. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि त्यात आम्ल सतत पाझरत राहते, मग पोटात काही असो वा नसो. सकाळ-संध्याकाळ दोनदा चंदी देऊन मधले बारा तास रिकामे ठेवलेल्या घोड्याला पोटात जळजळ होते आणि चंदीमुळे अंगात जोरही असतो. तो आधी दाराची फळी चावतो, मग दावे चावतो, आणि एखाद्या दिवशी ओठांनी कडी सरकवण्याची युक्ती त्याला सापडते. एकदा सापडलेली युक्ती तो विसरत नाही. त्याला कडब्याची पेंढी जास्त टाकणे हा उपाय नव्या कुलपापेक्षा स्वस्त पडतो. मात्र धान्यावर ताव मारलेला घोडा सापडला तर तो सुखरूप मिळाला असे मानून चालत नाही, कारण दाण्याच्या अतिरेकाने पोटशूळ उठू शकतो आणि दोन-तीन दिवसांत खुरांच्या आत दाह होऊन तो कायमचा लंगडा होण्याचा धोका असतो.

दुखण्याने सुटलेला घोडा लांब जात नाही. छपरीबाहेर शंभर पावलांवर, धुळीत लोळताना किंवा वळून वळून स्वतःच्या कुशीकडे पाहताना तो आढळतो. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात वायू धरला किंवा आतड्याला पीळ पडला तर ती वेदना बाहेर पडण्यास दुसरी वाट नसते, आणि बांधलेल्या जागी लोळता येत नसल्यामुळे तो दावे तोडतो. पागेत सकाळी उठल्या उठल्या घोड्याच्या तोंडाआधी त्याची लीद पाहण्याची जी रीत होती, तिचे मर्म येथे कळते. नेहमीच्या मानाने रात्रीत लीद कमी पडली असेल, गोळे कोरडे आणि लहान असतील, तर तो घोडा कितीही शांत उभा असला तरी डॉक्टरांना बोलावण्याची वेळ झालेली असते. पावसाळ्यात याच्या जोडीला गोमाश्या येतात. त्यांच्या दंशाचा ताप निराळा आणि त्यांच्यामार्फत पसरणारा सर्रा हा रोग निराळा. ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यकाने १८८० साली या रोगाचा सूक्ष्म परजीवी पंजाब भागातील घोड्यांच्या रक्तात प्रथम ओळखला. येऊन-जाऊन ताप, पायांवर सूज, खाणे असूनही खंगत जाणे, आणि काही जनावरांत अडखळणे किंवा गोल गोल फिरणे अशी त्याची लक्षणे आहेत. ताप नसलेल्या दिवशी घोडा ठीक दिसतो, म्हणून रक्ततपासणी टळत राहते. एका शक्यतेबाबत मात्र वेळ काढणे चालत नाही : अलीकडे कुत्रे चावलेला घोडा जर स्वभाव बदलून अंगावर येऊ लागला, स्वतःला चावू लागला, गिळताना अडखळू लागला, तर तो पिसाळल्याचे मानूनच त्याच्यापासून दूर राहावे, त्याच्या तोंडात हात घालू नये, आणि लाळेशी संपर्क आलेल्या माणसाने त्याच दिवशी जखम साबणाने धुऊन लस सुरू करावी.

राहिला तो प्रकार सर्वांत फसवा आहे. घोडा लांब गेलेला नसतो, घामाघूम नसतो, पोट ठीक असते. तो छपरीच्या दारापासून दहा-पंधरा पावलांवर उभा असतो, हाक मारल्यावर येतो, हातातून दाणे खातो, आणि आत चल म्हटले की पुढचे पाय रोवून अडतो. मालक त्याला हट्टी ठरवतो, कोणी करणी सुचवते, कोणी छपरीत साप असल्याचे सांगते, आणि साप खरोखरच शोधला जातो. अशा वेळी अनुभवी माणूस छपरीतली वीज तपासतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, पत्र्याखाली घोडी धापा टाकते, म्हणून हौशी मालक तिच्यासाठी कूलर लावतो. त्याची वायर लोखंडी खांबावरून नेलेली असते, अर्थिंग नसते, आणि कूलरचे पाणी खाली गळत असते. अशा ठिकाणी पत्र्यात, खांबात किंवा पाण्याच्या लोखंडी टाकीत थोडा करंट उतरतो. रबरी चप्पल घालून वावरणाऱ्या माणसाला तो जाणवतही नाही. घोडीच्या पायांत मात्र लोखंडी नाल असतात, खाली मुताने आणि पाण्याने ओली झालेली जमीन असते, पुढच्या आणि मागच्या पायांत हातभर नव्हे तर चार-पाच फुटांचे अंतर असते, आणि पाणी प्यायला तिने ओठ टाकीला लावले की तिच्या देहातून वर्तुळ पूर्ण होते.

तिच्या वागण्यात हे आधीपासून दिसत असते. ती पाण्याजवळ जाते, ओठ टेकवते, मान झटकन मागे घेते, पुन्हा जाते. बादलीने पाजले तर पिते, टाकीत पीत नाही. पाय आळीपाळीने उचलते. कूलर बंद असताना आत येते, सुरू केल्यावर मागे सरते. पण कूलर आणि घोडी या दोन गोष्टींचा संबंध लावण्याचे कोणाला सुचत नाही, कारण कूलर तिच्या सुखासाठी लावलेला असतो. पहिला पाऊस पडून जमीन पूर्ण भिजते त्या रात्री झटका वाढतो आणि ती दार मोडून बाहेर येते. येथे मारझोड करून तिला आत ढकलणे क्रूर तर आहेच, शिवाय ढकलणाऱ्यालाही धोक्याचे आहे. मेन स्विच बंद करून वायरमनला बोलावणे, टेस्टरऐवजी मीटरने पत्रा व टाकी मोजून घेणे आणि गळती थांबेपर्यंत घोडी झाडाखाली बांधणे, एवढे पुरे असते. वाळक्या जमिनीवर करंट सापडत नाही म्हणून तपासणी ओल्या जमिनीवर, कूलर चालू ठेवून, परंतु माणसे व जनावरे बाहेर काढून करावी लागते.

या सर्व प्रकारांत ‘शांत’ म्हटल्या गेलेल्या घोड्यांचीच संख्या अधिक का भरते, याचे उत्तर त्यांच्या स्वभावापेक्षा त्यांच्याकडे पाहण्याच्या रीतीत आहे. खोडकर घोड्याकडे सगळ्यांचे लक्ष असते. त्याचा कान मागे गेला तरी मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा, सावध होतो. निवांत घोडा आणि गप्प बसलेला घोडा लांबून सारखेच दिसतात. निवांत घोडा मागचा एक खूर टेकवून ठेवतो, खालचा ओठ सैल सोडतो, आणि कोणी आले की त्याचा निदान एक कान त्या दिशेला वळतो. गप्प बसलेल्या घोड्याचे कान हलत नाहीत, डोळ्यावर सुरकुती धरलेली असते, नाकपुड्या आवळलेल्या असतात, चंदी तोबऱ्यात उरते. काही घोडे जागच्या जागी डाव्या-उजव्या पायावर तासन्‌तास डोलत राहतात, आणि वरातीत नाचण्याची सवय म्हणून मालक त्याचे कौतुकही करतो. माणसाला घोडा इतका कमी वाचता यावा आणि घोड्याला माणूस इतका जास्त, हा व्यवहार एकतर्फी आहे. बर्लिनमध्ये गणिते सोडवणारा म्हणून गाजलेला ‘क्लेव्हर हान्स’ हा घोडा प्रत्यक्षात प्रश्नकर्त्याच्या चेहऱ्यावरचा आणि मानेतला नकळत होणारा बदल टिपून टाप थांबवत होता, हे ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ साली दाखवून दिले. ज्याला मानेची सूक्ष्म हालचाल कळते, त्याला सुटल्यानंतर काठी घेऊन धावत आलेल्या मालकाचा हेतू कळण्यास वेळ लागत नाही.

म्हणून पकडण्याची रीतही ठरलेली आहे. मागे धावू नये. तिरकस, संथ चालत जावे, थेट डोळ्यांत पाहू नये, तोबऱ्यात दाणे खुळखुळवावे, आणि शक्य असल्यास ओळखीची दुसरी घोडी दोरीने धरून न्यावी. नागपूर-तुळजापूर महामार्ग उमरखेडला लागून असल्यामुळे येथे घाई करणाऱ्याची घोडी सहसा रस्त्याकडे वळते, आणि रात्री त्या रस्त्यावरचे ट्रक घोडीच्या वेगाने चालत नाहीत. हाती आल्यावर मारणे सर्वांत वाईट, कारण तिच्या लेखी मार पळण्याबद्दल नव्हे, तर सापडण्याबद्दल असतो. त्याच छपरीत तिला पुन्हा रुळवायचे तर पहिले काही दिवस चंदी दाराबाहेर, मग उंबऱ्यावर, मग आत द्यावी लागते, आणि दार त्या काळात उघडे ठेवावे लागते.

लग्नसराईत हे दिवस कोणाकडे नसतात. दोन-तीनदा सुटलेल्या घोडीला ‘तोडीची खोड’ लागली असा शिक्का बसतो, आणि मालक ती मार्गशीर्षात लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या घोडेबाजारात विकायला काढतो. तेथे गिऱ्हाईक तिचे दात पाहतो, चाल पाहतो, कपाळावरचे आणि मानेवरचे भोवरे शुभ आहेत की अशुभ हे बोटाने चाचपून पाहतो, रंगावरून भाव करतो. ती कोणत्या महिन्यात सुटली, कोठे सापडली आणि सापडली तेव्हा काय करीत होती, हे तो विचारत नाही, आणि विकणारा आपण होऊन सांगत नाही. विचारले तरी पुष्कळदा त्याला ते आठवत नाही, कारण ती परत मिळाल्याच्या आनंदात त्याने पाहिले ते फक्त दावे कोठे तुटले एवढेच.